‘जन पळभर म्हणतिल’ : ही मरणाची स्वीकृती आहे की जगावरचा रुसवा?

सांजवेळ

भा. रा. तांबे यांच्या ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ या कवितेविषयी एक शंका विचारायची आहे, आणि ती निव्वळ वाङ्मयीन नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वडिलांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांचे किराणा मालाचे दुकान होते आणि दुकान बंद केल्यावरही रोजकीर्द लिहिण्याची त्यांची सवय सुटली नव्हती; त्या शेवटच्या रोजकीर्दीच्या मागच्या कोऱ्या पानावर ही संपूर्ण कविता त्यांच्या अक्षरात उतरवून घेतलेली सापडली. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर तीच छापावी, असे भावाने सुचवले. कविता मी आईला वाचून दाखवली. सूर्य, चंद्र, नद्या इथपर्यंत ती शांतपणे ऐकत होती, पण तिसऱ्या कडव्यापाशी तिने मला थांबवले:

सखेसोयरे डोळे पुसतिल,
पुन्हा आपल्या कामी लागतिल,
उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल;
मी जाता त्यांचे काय जाय?

‘आम्ही खिदळत बसू, असे वाटले का त्यांना?’ एवढेच ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तेव्हापासून ही कविता मला नीट वाचताच येत नाही. लहानपणापासून ती रेडिओवर लता मंगेशकरांच्या आवाजात आणि वसंत प्रभूंच्या चालीत ऐकत आले, आणि ‘मृत्यूचा शांत स्वीकार’ असेच तिचे वर्णन मनात ठसलेले होते. आता मात्र ‘अशा जगास्तव काय कुढावे’ ही ओळ वाचताना, कुढणाऱ्या माणसाखेरीज असे कोण म्हणेल, असा प्रश्न पडतो. जगाने आपल्यावाचून थांबावे अशी आतून इच्छा आहे, ते थांबणार नाही हे कळल्यामुळे आलेली ही नाराजी आहे, आणि शेवटी तिला शांती हे नाव दिले आहे, असे तर नाही ना? जाणकारांनी ओळी समोर ठेवून सांगावे. ‘ज्याचा त्याचा अर्थ’ अशी समजूत घातलेली मला नको आहे.

मात्रावृत्त

ताई, ओळी समोर ठेवूनच लिहितो, कारण या कवितेचे उत्तर तिच्या व्याकरणात आहे असे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

प्रथम एक छापील चूक बाजूला करू. पुष्कळ ठिकाणी ‘म्हणतील’, ‘तळपतील’, ‘वाहतील’ असे दीर्घ छापतात. कवितेच्या बहुतेक ओळी 16 मात्रांच्या आहेत आणि मात्रा मोजल्या की ‘ति’ ऱ्हस्वच लागतो: ‘सूर्य तळपतिल, चंद्र झळकतिल’ यात 3, 5, 3, 5 अशा मात्रा पडतात. हा किरकोळ मुद्दा नाही. ऱ्हस्व ‘-तिल’ने संपणाऱ्या ओळी थबकत नाहीत, पुढच्या ओळीवर घसरतात, तळपतिल, झळकतिल, आचरतिल, वाहतिल, पिकतिल, पुसतिल, लागतिल अशी भविष्यकाळी क्रियापदांची रांगच आहे. जग कसे चालू राहील हे सांगणाऱ्या या कडव्यांना स्वतःलाही थांबता येत नाही. थांबा येतो तो कडव्याच्या चौथ्या ओळीत, ‘आय’ या यमकावर: अंतराय, पाय, जाय.

आता शेवटचे कडवे पाहा.

अशा जगास्तव काय कुढावे!
मोहि कुणाच्या का गुंतावे?
हरिदूता का विन्मुख व्हावे?
का जिरवु नये शांतीत काय?

इथे भविष्यकाळ संपला. ‘-तिल’ गेले आणि ‘-आवे’ आले, म्हणजे क्रियापद विध्यर्थात शिरले. जग काय करील याचा हिशेब पहिल्या तीन कडव्यांत झाला. आता मी काय करावे, हा प्रश्न आहे. त्याहून महत्त्वाचे असे की या कडव्यात ‘मी’ हा शब्दच नाही. ध्रुवपदात ‘मी जाता’ आहे, तिसऱ्या कडव्यात पुन्हा ‘मी जाता’ आहे, आणि त्यानंतर नाही. ‘कुढावे’, ‘गुंतावे’, ‘व्हावे’ हे भावे प्रयोग आहेत. कोणी कुढावे हे सांगितलेले नाही आणि सांगायची गरजही उरलेली नाही. शाळेत भावे प्रयोग शिकवताना ‘कर्ता व कर्म यांपैकी कोणाच्याच लिंगवचनाप्रमाणे क्रियापद बदलत नाही’ अशी रूक्ष व्याख्या घोकून घेतात. तो प्रयोग कशासाठी असतो हे दाखवायला या तीन ओळी पुरेशा आहेत.

आणि आता शेवटचा शब्द. बहुतेक जण ‘का जिरवु नये शांतीत काय?’ यातला ‘काय’ प्रश्नार्थकच समजतात, आणि मग ‘का’ असताना पुन्हा ‘काय’ कशाला, हे त्यांना खटकतही नाही. तो ‘काय’ म्हणजे काया, देह. हा देह शांतीत का जिरवू नये, असा सरळ अर्थ आहे. कवितेची दुसरी ओळ ‘मी जाता राहिल कार्य काय?’ अशी प्रश्नाच्या ‘काय’वर संपते आणि कविता देहाच्या ‘काय’वर संपते. ज्या अक्षरांनी शंका विचारली, त्याच अक्षरांनी शेवटी सोडून द्यायची वस्तू हातात ठेवली.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: रुसवा आहे, तो तिसऱ्या कडव्यात आहे, आणि चौथ्यात तो कवीने मागे टाकलेला आहे.

तिरकस

वरच्या प्रतिसादातली मात्रांची मोजणी मान्य, ‘काय’चा अर्थही मान्य. ‘मागे टाकलेला आहे’ हे मात्र मान्य नाही.

रुसवा तिसऱ्याच कडव्यात आहे, हेही तपासून पाहावे. पहिल्या कडव्यातले सूर्य, चंद्र, तारे आपला क्रम आचरतात, त्यात भावना नाही. दुसऱ्या कडव्यात नद्या ‘गर्वाने’ वाहू लागतात. नदीला गर्व कुठून आला? ज्याला आपल्या नसण्याची टोचणी लागली आहे, त्यालाच तो दिसतो. लगेच पुढे ‘कुणा काळजी की न उमटतिल, पुन्हा तटावर हेच पाय’ ही ओळ येते, आणि साऱ्या कवितेत कवी स्वतःकडे खाली मान घालून पाहतो तो एवढ्याच ठिकाणी. ‘हेच’ या शब्दात ओल्या वाळूतली ती पावले आणि त्यांच्याकडे पाहणारा माणूस दोन्ही आहेत. मग सखेसोयरे. म्हणजे आकाशापासून नदीकाठापर्यंत आणि नदीकाठापासून घराच्या ओसरीपर्यंत दुखणे जवळ जवळ येत जाते, आणि जितके जवळ येते तितके शब्द बोचरे होतात. ‘हसतिल’ म्हणून भागले असते. ‘खिदळतिल’ म्हटले आहे. शेवटी ‘मी जाता त्यांचे काय जाय?’ ही तर घरातल्या भांडणातली भाषा आहे. ‘त्याचं काय जातंय!’ असे आपण कोणावर चिडलो की म्हणतो, आणि इथे तर कवीने ‘जाणे’ हे क्रियापद एकाच ओळीत दोनदा वापरून, माझे जाणे आणि त्यांचे काहीच न जाणे, असा टोला लगावला आहे.

एवढे झाल्यावर चौथे कडवे येते आणि त्यातल्या चारही ओळी नकारात्मक किंवा आडवळणाच्या आहेत. ‘काय कुढावे’, ‘का गुंतावे’, ‘का विन्मुख व्हावे’, ‘का जिरवु नये’. ‘मी तयार आहे’ असे एकही विधान नाही. ज्याचे मन खरोखर वळले आहे, तो स्वतःला इतके प्रश्न विचारत बसत नाही. मला ही स्वीकृती वाटत नाही. स्वतःची समजूत काढण्याचा हा प्रयत्न आहे, आणि म्हणूनच ती मला अधिक खरी वाटते. सांजवेळ यांच्या मातोश्रींनी बोट अगदी योग्य शब्दावर ठेवले आहे, एवढे मात्र निश्चित.

बांधबंदिस्ती

मी वाङ्मयाचा अभ्यासक नाही. नोकरीची तीस वर्षे मृद संधारणाच्या कामात गेली, त्यामुळे या कवितेतला एकच शब्द माझ्या अधिकारातला आहे, आणि तो अजून कोणी हाताळलेला दिसत नाही. तो शब्द म्हणजे ‘जिरवणे’.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली सर्वांनी वाचली असेल. आमच्या कामात ‘जिरणे’ आणि ‘वाहून जाणे’ हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध वापरले जातात. उतारावर पडलेला पाऊस वाहून गेला तर माती घेऊन जातो. समतल चर खणून, बांध घालून तो थांबवला तर हळूहळू जमिनीत जिरतो. जिरलेले पाणी दिसत नाही, पण ते संपलेले नसते. उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या विहिरीला ते लागते. नाहीसे होणे, विरणे, विझणे, मिटणे असे कितीतरी शब्द मराठीत असताना कवीने देहासाठी ‘जिरवु’ हा शब्द घेतला, आणि तोही दुसऱ्या कडव्यात ‘मेघ वर्षतिल, शेते पिकतिल, गर्वाने या नद्या वाहतिल’ असे म्हणून झाल्यावर. त्या कडव्यात पाणी दोन वाटांनी जाते. काही नदीत वाहून जाते, तिला गर्व आहे. काही शेतात जिरते, आणि पीक त्याच्यावर येते. शेवटच्या ओळीत कवीने स्वतःसाठी कोणती वाट घेतली, हे शब्दावरून स्पष्ट आहे.

‘जिरवणे’ला दुसराही एक अर्थ आहे: एखाद्याची जिरवणे, त्याचा तोरा उतरवणे. कवीच्या मनात तो होता असा माझा दावा नाही, पण मराठी कानाला तो ऐकू आल्यावाचून राहत नाही; ज्या देहाला आपल्यावाचून जगाचे अडेल असे वाटत होते, त्याची थोडी जिरली, एवढे त्यात येतेच.

तिरकस यांना एक विचारावेसे वाटते. ‘का जिरवु नये?’ हा प्रश्न आडवळणाचा आहे खरा, परंतु आपल्याकडे एखादी गोष्ट करायची मनाने ठरवून झाली की माणूस नेमका असाच बोलतो. ‘का जाऊ नये मी गावाला?’ असे म्हणणाऱ्याची पिशवी बहुधा भरून झालेली असते.

लष्करवासी

आमच्या ग्वाल्हेरच्या कवीविषयी चर्चा चालू आहे म्हणून थोडी भर घालतो. तांब्यांचा जन्म 1873 सालचा, मुंगावलीचा. 1937 मध्ये ते ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी झाले आणि 7 डिसेंबर 1941 रोजी ग्वाल्हेरलाच वारले. मरणाकडे ते पुन्हा पुन्हा वळले आणि दर वेळी निराळ्या तोंडवळ्याने वळले, हे लक्षात घेतले तर या एकाच कवितेतून त्यांच्या स्वीकाराचा सगळा हिशेब मागण्याची गरज वाटणार नाही. ‘मधु मागशि माझ्या सख्या, परी’मध्ये ‘संध्याछाया भिवविति हृदया’ अशी उघड भीती आहे. ‘मरणांत खरोखर जग जगतें’ यात मरणाची बाजू आवेशाने मांडलेली आहे. आणि ‘घन तमीं शुक्र बघ राज्य करी’मध्ये

फुल गळे, फळ गोड जाहले,
बीज नुरे, डौलात तरु डुले;
तेल जळे, बघ ज्योत पाजळे;
का मरणि अमरता ही न खरी?

असे दाखले देऊन शेवटी मृत्यू हा बाहू पसरून वाट पाहणाऱ्या आईच्या रूपात येतो. ज्यांना निःशंक स्वीकृती हवी आहे त्यांनी ती तिथे पाहावी. पत्रिकेवर छापायला, माझ्या मते, तीच कविता अधिक योग्य.

‘हरिदूत’ या शब्दाबद्दलही सांगण्यासारखे आहे. न्यायला येतात ते यमदूत, अशी आपली रूढ समजूत. भागवताच्या सहाव्या स्कंधातल्या अजामिळाच्या कथेत मरणाऱ्याच्या उशाशी आधी यमदूत येतात, तो मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो, तेवढ्या नावावर विष्णुदूत येऊन यमदूतांना अडवतात. कीर्तनांतून ही कथा त्या पिढीच्या अंगवळणी पडलेली होती. तेव्हा तांबे ‘यमदूता’ न म्हणता ‘हरिदूता’ म्हणतात, तिथे दारात कोण उभा आहे हेच त्यांनी बदलून टाकले आहे. मात्रांच्या दृष्टीने ‘यमदूता’ही तितकाच चपखल बसला असता.

सांजवेळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘जिरवु’ आणि ‘काय’ या दोन शब्दांवरून मी आजवर इतक्या सहज पुढे जात आले, याचे नवल वाटते. मात्रावृत्त यांना एक विचारते. ‘मी’ शेवटच्या कडव्यातून गेला, हे पटले. मग गाणे ऐकताना तो गेल्यासारखे का वाटत नाही? मला तर शेवटीही तोच ‘हाय हाय’ ऐकू येत राहतो.

मात्रावृत्त

कारण गीत गाताना प्रत्येक कडव्यानंतर, शेवटच्याही कडव्यानंतर, ध्रुवपदाकडे परत येण्याची आपली रीत आहे. कागदावर कविता ‘शांतीत काय’ इथे संपते. गळ्यात आली की ‘जन पळभर म्हणतिल’ पुन्हा येते, आणि त्याबरोबर ‘मी जाता’ही परत येते. एकाच रचनेचे हे दोन शेवट आहेत. तिरकस यांना ऐकू येणारा रुसवा बराचसा गाण्यातला आहे आणि मी म्हणतो ती शांती कागदावरची आहे, असे म्हणून मी आमच्यातला वाद अर्धा मिटवतो. उरलेला अर्धा मिटू नये अशीच इच्छा आहे.

अगदी निखळ स्वीकार कसा असतो याचे माप मराठीत तुकोबांनी घालून ठेवले आहे: ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य ॥’. तिथे जग काय म्हणेल याची वार्ताच नाही. ‘फिटलें सुतक जन्ममरणाचें । मी माझ्या संकोचें दुरी जालों ॥’ असे ते म्हणतात, आणि ‘दुरी जालों’ हा झालेल्या गोष्टीचा वृत्तान्त आहे. तांबे त्या दिशेने तोंड करून उभे आहेत, पण त्यांचे पाऊल अजून तटावर आहे. एक योगायोग मला फार आवडतो. तुकोबांचा तो अभंग ‘तुका म्हणे दिलें उमटूनि जगीं’ या चरणाकडे जातो, आणि तांब्यांचीही खंत ‘न उमटतिल, पुन्हा तटावर हेच पाय’ अशीच आहे. क्रियापद एकच, ‘उमटणे’. एकाने जगात उमटवून दिले, दुसऱ्याला उमटणार नाही याचे वाईट वाटते. संत आणि संसारी यांच्यातले अंतर मला त्या एका क्रियापदात दिसते, आणि मी दुसऱ्या गटातला असल्यामुळे तांबे मला जवळचे वाटतात.

जाता जाता एवढेच सांगतो. ‘पळ’ हे आपले जुने कालमान आहे. 60 पळांची एक घटका, आणि घटका 24 मिनिटांची, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचा. ‘पळभर’ हाय हाय म्हणणारे ‘जन’ आहेत. सखेसोयऱ्यांच्या वाट्याला कवीने ‘डोळे पुसतिल’ हे दिले आहे, आणि तिथे पळाचे माप लावलेले नाही. आपल्या मातोश्रींना हा फरक अवश्य दाखवावा.

तिरकस

अर्ध्या वादाची वाटणी मान्य. ‘पळभर’चा मुद्दाही निरुत्तर करणारा आहे. ‘खिदळतिल’वर मात्र मी ठाम आहे.

सांजवेळ

काल रात्री आईजवळ बसून वरचे सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. मात्रांच्या भागात तिचे लक्ष नव्हते. ‘जिरवणे’ ऐकल्यावर, ‘हे त्यांना माहीत असणार, आजोबांची शेती त्यांनीच पाहिली होती,’ असे म्हणाली. हरिदूताशी तिने नुसती मान हलवली. पळ आणि डोळे पुसणे यांतला फरक मी सांगितला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने तिसरे कडवे पुन्हा वाचायला सांगितले. या वेळी ‘खिदळतिल’पाशी तिने मला थांबवले नाही; ओळ संपल्यावर म्हणाली, ‘हा शब्द त्यांचाच आहे गं. दुपारी ते वामकुक्षीला आडवे झाले आणि तुमची मुले माजघरात दंगा करू लागली, की आतून ओरडायचे, “खिदळू नका रे!” आणि मुले गप्प झाली की पाच मिनिटांनी उठून बाहेर यायचे, काय झाले पाहायला.’

तिरकस, आपण ज्या शब्दावर ठाम आहात तो शब्द आमच्या घरात असा वापरात होता, आणि मला स्वतःला त्याची आठवण राहिली नव्हती. तांब्यांच्या कवितेतला ‘खिदळतिल’ त्यामुळे गोड झाला असे मी म्हणत नाही. वडिलांनी उतरवून घेतलेला मात्र झाला.

पत्रिकेवर कविता छापायची नाही, असे ठरले आहे. ती त्या दिवशी जेवणे झाल्यावर घरच्यांपुरती वाचायची, आणि तिसरे कडवे आई वाचणार आहे. मी रोजकीर्दीतले पान पुन्हा काढून पाहिले. वडिलांनी सगळीकडे ‘म्हणतील’, ‘पुसतील’ असे दीर्घच लिहिले आहे. ते आम्ही तसेच ठेवणार आहोत, मात्रावृत्त यांनी क्षमा करावी.